तोयचुबेकचा गोल

...नाही, पण मला सांगा, त्या पोरीनं केलं काय असं मोठं? मोबाइलवर चार गोल काढले! गोल मलाही काढता येतात, शेणानं काढीन भिंतीवर! आणि त्यासाठी अख्खं गाव अकमतच्या दारात? अकमत म्हणजे माझा लांबचा चुलतभाऊ, बेरमेत त्याची नात, बिश्केकला शिकून आलीय. मी जळत नाही हं. नुसतं सांगतोय.

कसंय, आमच्या किरगिझ लोकांत लग्न ठरवायचं तर आधी सात पिढ्या बघायच्या. त्या सातात दोघांचा पूर्वज एकच निघाला की संपलं, चहा प्या, घरी जा! आणि गावात या पिढ्या पाठ कोणाला? मला! जुमाकादिरला! शाळा तिसरीत सुटली, पण बाप गेला तेव्हापासून, विशीपासून, सगळ्यांचे बाप मला तोंडपाठ. लोक मला गालिच्यावर दारापासून सगळ्यात लांब, मानाच्या जागी बसवायचे, ताटात मानाचं हाड यायचं, मी डोळे मिटायचो, उगाच खोकायचो, मग म्हणायचो, "हं... जमतंय." आता? पोरं दोन नावं टाकतात, मधली रेघ लाल आली तर नको, हिरवी आली तर लागा तयारीला! खोकणं नाही, हाड नाही!

मी गेलो बघायला. जळत नाही म्हटलं ना, नुसता गेलो. म्हटलं, "पोरी, हे सगळं तू केलंस?" तर कशी बोलते, "छे हो आजोबा, इंटरनेटवर साधनं असतात. एकात नावांची यादी चिकटवली की ते चक्र काढून देतं, एक रंग जुळवून देतं, एक चुकलेली ओळ दाखवतं, एक सांगतं की छोट्या मोबाइलवर पान कसं दिसेल."

"घेतात किती?"

"फुकट!"

फुकट! आणि मी पन्नास वर्षं घसा फोडला! वर हा अकमत, ज्याला स्वतःच्या पणजोबाचं नाव मी शिकवलं, मिशीला कुमिसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा फेस लावून म्हणतो, "जुमाके, तुझी फांदी रिकामी रे. टक्कल पडल्यासारखी दिसते."

तुम्ही गप्प बसला असता? मी एका दमात घडाघडा सगळी नावं ओकली, पोरीनं टिपली, चिकटवली, बोट लावलं... आणि चक्र उभं! पिढीगणिक एक कडं, झाडाच्या बुंध्यात असतं तसं. अकमत सातव्या कड्यात. आणि मी? आठव्या! अकमतच्या पोरांच्या रांगेत! आणि माझा मेलेला बाप अकमतच्या मांडीला मांडी लावून!

"अगं, तुझं फुकटचं यंत्र बिघडलंय!"

"यंत्र नाही हो आजोबा, तुमच्याकडे एक बाप जास्त आहे. हा बघा, तोयचुबेक. भाऊ नाही, बहीण नाही, बायकोचं नाव नाही. कोण हा?"

घाम फुटला मला! कारण तोयचुबेक कोणीच नाही, त्याला मी जन्माला घातला! बावन्न वर्षांपूर्वी, उमसूनसाठी. माझ्या बायकोसाठी हो! आमच्या दोघांच्या एकाच पूर्वजापर्यंत तिच्या बाजूनं मोजलं तर पिढ्या आठ, माझ्या बाजूनं सात. एक बाप कमी पडत होता मला, फक्त एक! आणि मोजणारा कोण? मीच. घातला एक मध्ये! तोंडानं सांगताना कोण कडी मोजतंय?

बेरमेतनं माझ्याकडे बघितलं, हळूच म्हणाली, "पुसू का हा गोल? बटण आहे."

पुसला की मी सातव्या कड्यात, अकमतच्या बरोबरीला... पण माझ्या नि उमसूनच्या मधली रेघ लाल! चार पोरं, अकरा नातवंडं, सगळा संसार त्या लाल रेघेवर लटकलेला! म्हटलं, "राहू दे, पोरी. थोर माणूस होता." तिनं गोलाखाली लिहून टाकलं, 'अधिक माहितीसाठी जुमाकादिर आजोबांना भेटा.'

भेटतात ना, रोज भेटतात! मानाची जागा परत आली, पण विचारणार एकच, तोयचुबेक कसा होता? मी सांगतो, उंच होता, नुसत्या हातांनी लांडगा मारला. आणि मागून उमसून चहा ओतता ओतता म्हणते, "अहो, काल दोन मारले होते."

परवा अकमत आला. डोळा बारीक केलेला. "जुमाके, एवढा थोर पूर्वज, आणि आपण त्याच्या नावानं गावजेवण घातलं नाही? बेरमेतनं आमंत्रणाचं पानसुद्धा बनवलंय. फुकट." आणि रीत काय? जेवणासाठी कापायची घोडी थेट वंशजानं द्यायची! मला एकच घोडी आहे हो, तांबडी, माझ्या हातून साखर खाते...

बरं, घोडी गेली, निदान हाड तरी? तेही अकमतला! का? तर चक्रात तो माझ्याहून एका पिढीनं मोठा, काका लागतो माझा! आणि मी 'नाही' कोणत्या तोंडानं म्हणू?

मी जळत नाही हं. शुक्रवारी या जेवायला. लहान ना मी आता... वाढायला मीच आहे.