चंडोल बोलतोय का?

मामी, गल्लीतली वडीलधारी मंडळी, मामांचे कारखान्यातले सोबती, आणि झाडं लावणाऱ्या आमच्या गटातले माझे मित्रमैत्रिणी,

कामाचा खाडा करून तुम्ही सगळे आलात. एवढी माणसं पाहून मामा संकोचले असते. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नको म्हणाले. आमच्या घरात शिकून सभेत उभी राहणारी मी पहिलीच, पण भीती त्याची नाही. मामांबद्दल बोलायचं तर मला स्वतःबद्दलही एक गोष्ट सांगावी लागेल. ती सांगितल्याशिवाय मला आज खाली बसता येणार नाही.

नरसय्यामामांनी सगळी उमर यंत्रमागावर टॉवेल विणले. माझे बाबा त्यांच्या शेजारच्या मागावर होते. त्या खडखडाटात माणसाचं काय होतं, ते इथल्या अर्ध्या लोकांना माहीत आहे. कान जातात. पण सगळे जात नाहीत. जाड आवाज राहतो, बारीक जातो. मामांना भारद्वाजाचं घुमणं ऐकू यायचं. होला ऐकू यायचा. मामींची हाक सोयीप्रमाणे ऐकू यायची. पण चंडोल गेला.

चंडोल म्हणजे चिमणीएवढं, मातीच्या रंगाचं पाखरू. माळावरच्या गवतातून सरळ आभाळात चढतं आणि चढता चढता गातं. मागावर जायच्या आधी मामांनी तो ऐकला होता. नंतर नुसता दिसायचा.

मागावरचं काम कायमचं सुटल्यावर मामा रोज सकाळी सायकल काढून अक्कलकोट रस्त्याने माळावर जायचे. बाबा मला म्हणाले, मामांना मागचं वाहन कळत नाही, तू सोबत जात जा. म्हणजे मी गेले ती त्यांची राखण करायला. रस्ताभर मी मागे असायचे. माळाच्या पायवाटेला लागलो की मामा मला पुढे घालायचे.

पहिल्या दिवशी मामांनी चंडोलाचं विचारलं, तेव्हा मी पायडल मारायचं थांबवलं आणि कान देऊन पाहिलं. मामा मागून म्हणाले, "चाक फिरतंय तोवर टकटक चालू असती. पाय टेकव की. घाई काय हाय?" मी पाय टेकवला. तेव्हा मला पहिल्यांदा माळ ऐकू आला. मी पदवीधर होणार होते, आणि या माळावर एवढे आवाज आहेत हे मला माहीत नव्हतं.

मग आमची एक खूण ठरली. मी पुढे असायचे. चंडोल गाताना ऐकला की डावा हात वर करायचा. मामा मागून हात बघायचे, मग आभाळात बघायचे. पाखरू सापडलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू आवाजच कानापर्यंत पोहोचला. रोज एकच प्रश्न. "चंडोल बोलतोय का?" त्यांचे कान मी होते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाने त्याच माळावर झाडं लावायचं ठरवलं. पुढाकार माझा होता. पंचायतीकडे अर्ज माझ्या सहीचा. उन्हाळ्यात यंत्राने खड्डे घ्यायचे, पावसाळ्यात रोपं लावायची. उघडा बोडका माळ हिरवा करायचा, यात वाईट काय असणार?

बैठकीला मामा आले होते. ते म्हणाले, "माळ मोकळा न्हाय. भरलेला हाय. पाखरं भुईवर घरटी करत्यात. झाडं रस्त्याच्या कडंला लावा की, लई जागा हाय." काहीजण हसले. मी हसले नाही. मी त्याहून वाईट केलं. सगळ्यांसमोर म्हणाले, मामा, तुम्हाला तर चंडोल ऐकूही येत नाही.

मामा म्हणाले, "म्हणून तर तुला इचारतो."

आणि बसले. मित्रहो, त्यानंतर ठराव झाला. टाळ्याही झाल्या.

आधी अर्ध्या माळावर खड्डे झाले. आठवड्याने आम्ही सायकली घेऊन तिथे गेलो. त्या अर्ध्यात यंत्राची चाकं सगळीकडे फिरली होती. गवत मातीखाली गेलं होतं. मी पाय टेकवला. काही नव्हतं. मागून मामांनी विचारलं, चंडोल बोलतोय का?

मी डावा हात वर केला.

का केला? मला माझी चूक त्यांच्या डोळ्यांसमोर मान्य करायची नव्हती, एवढंच. मामा आभाळात बघत राहिले. कुटं, म्हणाले. मी कुठेतरी बोट दाखवलं. फार वेळ शोधून ते म्हणाले, "आता डोळं पण गेलं वाटतं."

तरीही मी खरं सांगितलं नाही.

मामा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मी मामींजवळ बसले होते. मामींनी आपणहून सांगितलं. त्या सकाळनंतर मामा डोळे दाखवून आले. डॉक्टर म्हणाले, नजर चांगली आहे. घरी येऊन मामांनी सायकल भिंतीला टेकवली. मग मामींना म्हणाले, "पोरगीला कळलंय. सांगंल ती. आपण इचारायचं न्हाय."

म्हणजे मी खोटा हात वर केला, हे त्यांना माहीत होतं. माहीत असूनही ते माझ्यासोबत सायकलवर येत राहिले. वाटेत तारेवर बसलेले कोतवाल पक्षी दाखवत राहिले, वेडे राघू दाखवत राहिले. चंडोलाचं मात्र त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मला वाटायचं, विसरले असतील. ते वाट बघत होते. दोन वर्षं.

माझ्या गटातल्या मित्रांनो, लावलेली बहुतेक रोपं वाळली, हे आपल्याला ठाऊक आहे. पुढच्या महिन्यात उरलेल्या अर्ध्या माळावर खड्डे घ्यायचे आहेत. त्या अर्जावरही माझी सही आहे. आज सकाळी पंचायतीत जाऊन मी तो मागे घेण्याचं पत्र दिलं. तुम्हाला न विचारता दिलं, त्याबद्दल माझ्यावर रागवा. पण रागवण्याआधी एकदा माझ्यासोबत त्या उरलेल्या अर्ध्यात चला आणि पाय टेकवून उभे राहा. झाडं आपण लावूच. मामांनी सांगितली तिथे, रस्त्याच्या कडेला लावू.

मामी, तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. जवळ बसवून चहा दिलात. तो चहा मला फार जड गेला.

आता आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू या. त्याआधी मामांच्या फोटोकडे बघून एकच सांगते. ते तुमच्या सगळ्यांसमोर सांगायचं आहे, कारण त्यांना बोलले तेही सगळ्यांसमोरच बोलले होते.

मामा, त्या सकाळी चंडोल बोलत नव्हता. आभाळात काहीच नव्हतं. तुमची नजर बरोबर होती.

माझा नमस्कार घ्या.