पळता गरबा

“दादा, ही खार कोण गातेय?”

असं त्या अनोळखी मुलाला विचारून मैत्रिणींशी लावलेली पैज मी जिंकले. चणियाचोळी घ्यायला आम्ही शिंप्याकडे रांगेत उभ्या होतो आणि पुढच्या मुलाच्या मोबाइलवर गरबा किंचाळत होता. त्याच्या शेजारची मुलगी बसक्या आवाजात म्हणाली,

“ती खार म्हणजे मी. आणि खार करणारा हा माझा भाऊ, आशय.”

“शर्वरीताई, तू धिम्या लयीत गायलीस. शेवटच्या फेरीला पळता गरबा लागतो, म्हणून मी वेग वाढवला.”

“आणि सूरही चढवलास! सॉफ्टवेअरमध्ये सूर तोच ठेवणारं पिच लॉक असतं ना?”

“केलं होतं. तर तू बादलीत डोकं घालून गातेयस असं वाटायला लागलं.”

“दीडपट पळवलंस म्हणून. थोडंसंच वाढवलं की आवाज टिकतो.”

“थोडंसंच वाढवलं तर फक्त आजोबाच नाचतील. त्यापेक्षा जलद लयीत पुन्हा गा ने!”

“रोज गाऊन घसा बसलाय माझा. आज सोसायटीत आपलं गाणं नाही वाजलं, तर पुन्हा कधीच विचारणार नाहीत.”

“मग गाणार कोण? ही खार ओळखणारी?”

“गाईन की! मी लय पळवते म्हणून शाळेत बाई रोज ओरडतात.”

“जा, जा! गाऊन दाखव.”

मी तिथंच गायले. शिंप्यानं मशीन थांबवलं आणि शर्वरीताई म्हणाली,

“आशय, हिला घरी विचारायला सांग. आत्ताच.”

मी धावत घरी गेले.

“आई, बाबा, आज मी गरबा खेळणार नाही. आज मी गाणार आहे.”