पोलीस ठाण्यातली खंडेनवमी

अगं विद्या, यांच्या रायफलींचा परवाना अडला होता ना, तेव्हा मी देवीला बोलले होते, 'आई, परवाना मिळू दे, दर खंडेनवमीला मी स्वतः त्या रायफलींची पूजा करीन.' यांना जुन्या लष्करी रायफली जमवायचा नाद. प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट ओढायचा, तसल्या. कायद्याने दोनच ठेवता येतात, नाहीतर मुलुंडच्या घरात आम्हालाच जागा उरली नसती!

यंदा नेमकी निवडणूक आली आणि नियमाप्रमाणे दोन्ही रायफली पोलीस ठाण्यात जमा झाल्या. हे म्हणाले, "देवी समजून घेईल."

"शब्द मी दिलाय, तिने नाही," म्हटलं आणि ताट घेऊन निघाले. हे लाजून बाहेर रिक्षातच बसले.

ठाण्यातले साहेब म्हणाले, "काकू, जमा केलेलं हत्यार असं बाहेर काढता येत नाही."

"आज तुमच्या शस्त्रांची पूजा आहेच ना? त्यांच्या शेजारी आमच्या दोघींना बसवा. मी हातसुद्धा लावणार नाही, लांबूनच ओवाळीन, कुंकू तेवढं तुम्ही लावा."

साहेबांनी ताटातल्या पुरणपोळ्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं आणि रायफली मागवल्या. कुंकवाचं बोट पुढे नेलं, तोच हे धावत आत आले. "साहेब, लाकडावर नको, डाग पडतो!"

"म्हणजे मालकही आलेत तर!" साहेब हसले आणि टिळा रायफलीच्या पट्ट्याला लावला.

म्हणून सांगते गं, तूही नवस बोललीस की ताट घेऊन स्वतः जा. नाही म्हणायच्या आधी माणूस ताटाकडे बघतोच.