कुणालाही बदलता येईल असं पान

…नाही, पण तो प्रिंटर मी चालू करायलाच नको होता. तुम्हाला सांगतो, तिथेच सगळं फसलं. मी ग्रंथालयात पुस्तकं शिवतो हो. फाटलेलं पान चिकटवायचं, पाठ सुटली की सुई-दोरा घ्यायचा, पुठ्ठा बदलायचा, बावीस वर्षं हेच. माणसांशी माझा संबंध नाही, पुस्तकाशी आहे, तोही मजकुराशी नाही, पाठीशी. आणि एक दिवस आमच्या मोठ्या बाईंसमोर, मोठ्या बाई म्हणजे ग्रंथपाल, त्यांच्यासमोर मी बंद पडलेल्या प्रिंटरची पिन काढली आणि परत लावली. आणि तो मेला चालला. झालं. त्या दिवसापासून ग्रंथालयात जे जे म्हणून विजेवर चालतं ते ते माझ्या गळ्यात.

मग मोठ्या बाई दोन दिवसांच्या कसल्याशा शिबिराला गेल्या आणि येताना एक शब्द घेऊन आल्या. लोकसहभाग. माणूस प्रवासातून येताना काहीबाही आणतो, यांनी हे आणलं. "आता इंटरनेट नुसतं वाचायचं नसतं," मला म्हणाल्या, "लिहायचं असतं. आपण लिहायचं, दुसऱ्याने त्यावर लिहायचं. आपण नवख्यांसाठी वर्ग काढतोय. सहा मंगळवार. शेवटच्या मंगळवारी समिती बघायला येईल. आवडलं तर वरची खोली आपल्याकडे राहील, नाही तर तिचं गोदाम." आता वरची खोली म्हणजे काय? माझं टेबल. माझं पुस्तकं दाबायचं यंत्र, माझा सरस, माझ्या सुया. म्हणजे माझ्याच मानेवर सुरी ठेवून मलाच विचारत होत्या, शिकवशील का.

मी म्हटलं, "बाई, मला बोलता येत नाही चारचौघांत."

"बोलायचं कुठंय? फक्त बटण दाखवायचं."

फक्त बटण दाखवायचं. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं होतं. मी त्याच्याच भरवशावर होतो.

आठजण आले. सगळे साठीच्या पुढचे. पहिल्या मंगळवारी शिकवलं अभिप्राय. म्हटलं, हे ग्रंथालयाचं पान, हा खाली चौकोन, इथे आपलं मत लिहायचं. त्यात एक निवृत्त बस कंडक्टर होते, त्यांना मनात वाचताच येत नाही, पडद्यावर दिसलं की बाहेर आलंच, तेही भरलेल्या बसमध्ये मागच्या दारापर्यंत पोचेल अशा आवाजात. ते म्हणाले, "मत आहे तर सांगतोच की तोंडावर. लिहायचं कशाला?" म्हटलं, "लिहिलं की सगळ्यांना दिसतं." "असं होय," म्हणाले, आणि लिहिलं, 'नळ गळतो. शिकवणारे गृहस्थ पुटपुटतात.' आणि वाचूनही दाखवलं. मग मी पुढचं बटण दाखवलं, अंगठ्याचं. आवडलं तर दाबायचं. सातजणांनी दाबलं. आठवे ते स्वतः. पुढच्या मंगळवारी त्यांना कळलं की स्वतःचंही दाबता येतं, मग आठ झाले.

दुसऱ्या मंगळवारी ब्लॉग. स्वतःबद्दल लिहा म्हटलं. एका आजोबांनी 'मी' एवढं लिहिलं आणि उरलेला तास पडद्याकडे बघत बसले. मी विचारलं, पुढे? म्हणाले, "तेच आठवतोय." असो. मी कोण विचारणारा? मी बटण दाखवायला.

पण तिसरा मंगळवार. तिसऱ्या मंगळवारी ते पान आलं, कुणालाही बदलता येतं ते. बाईंनी शिबिरातून आणलेल्या पुस्तिकेत बघून मी समजावलं, हे पान सगळ्यांचं. एकाने लिहायचं, दुसऱ्याने सुधारायचं. इकडे 'जतन करा'. इकडे 'इतिहास', म्हणजे कुणी किती वाजता काय बदललं ते सगळं राहतं, काही पुसलं जात नाही. आणि इकडे 'चर्चा', मतभेद झाले तर तिथे जाऊन शांतपणे बोलायचं. शांतपणे, असं पुस्तिकेत लिहिलंय. लिहिणाऱ्याला काय जातंय?

आता वर्गात दोन बायका होत्या. एक दाराशी बसायच्या, एक खिडकीशी. दाराजवळच्या म्हणजे ताई, एका छोट्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होत्या, पस्तीस वर्षं बोर्डावर, अजूनही 'हं' म्हणाल्या तरी आपली लाइन जोडल्यासारखी वाटते. खिडकीजवळच्या वहिनी, कपडे शिवतात, गळ्यात सदा मापाची पट्टी. मला वाटलं एकीला वारा लागतो, एकीला उजेड. कंडक्टरनी मला कोपऱ्यात घेऊन कानात सांगितलं, म्हणजे त्यांच्या हिशेबाने कानात, रस्त्यापलीकडच्या औषधवाल्याने मान वर केली. "मास्तर, नणंद-भावजय आहेत त्या. एका इमारतीत राहतात, वर ताई, खाली वहिनी. नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत."

म्हटलं, असेना. आपलं काय काम? बटण दाखवायचं. मी वर्गाला विचारलं, "मग कशावर पान करू या?" आणि हेच कंडक्टर, ज्यांनी मला पाच मिनिटांपूर्वी सांगितलं, हेच म्हणतात, "कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्यावर करा, अख्ख्या गल्लीला ठाऊक होता." आणि म्हणून झाल्यावर स्वतःच्याच तोंडावर हात. कारण रेडिओवाला म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ. म्हणजेच वहिनींचा नवरा. नऊ वर्षांपूर्वी गेला.

मी म्हणणार होतो, दुसरा विषय घेऊ, पण मी पुटपुटतो ना, कुणाला ऐकूच गेलं नाही. आणि तेवढ्यात दोन्ही टोकांना एकदम टाइपिंग सुरू.

ताईंनी लिहिलं, 'त्याला रेडिओची गोडी मोठ्या बहिणीने लावली.' जतन करा. वहिनींनी केलं, 'त्यांना रेडिओची गोडी जन्मजात होती.' जतन करा. ताई, 'जन्मजात गोडी मोठ्या बहिणीने वेळीच ओळखली.' वहिनी, 'पण दुकान लग्नानंतरच उभं राहिलं.' आणि मध्ये बसून कंडक्टर एकेक बदल थांबा आल्यासारखा पुकारतायत. दोघी एकमेकींकडे बघत नाहीत हां, चेहरे असे, जणू पाककृती उतरवून घेतायत.

आणि खरं युद्ध कशावर, सांगा. 'तो' आणि 'ते'. ताईंचा धाकटा भाऊ, त्या लिहिणार 'तो'. वहिनींचा नवरा, त्या करणार 'ते'. तो दुकान उघडायचा, ते दुकान उघडायचे, तो उघडायचा, ते उघडायचे, त्या बिचाऱ्याने हयातीत जेवढ्या वेळा दुकान उघडलं नसेल तेवढ्या वेळा त्या दुपारी उघडलं. तास संपला. मी पडदा बंद केला. मला वाटलं, संपलं.

संपतंय कसलं? घरी फोन आहेत ना दोघींकडे. वरच्या मजल्यावर ताई 'जतन करा' दाबतात, खालच्या मजल्यावर वहिनी. चौथ्या मंगळवारी मी इतिहास उघडला, दोनशे चौदा बदल. 'काम करताना शीळ घालायचा.' 'काम करताना गुणगुणायचे.' अठरा वेळा शीळ, अठरा वेळा गुणगुण, शेवटी एक तडजोड दिसली, 'काम करताना तोंडाने आवाज येत असे.' मी हवालदिल, आणि मोठ्या बाई मागून येऊन बघतात आणि डोळे भरून येतात त्यांचे. "दोनशे चौदा. एका आठवड्यात. याला म्हणतात लोकसहभाग." आता यांना काय सांगू?

पाचव्या मंगळवारी मी धीर केला. पुढच्या वेळी समिती येणार, आणि पडद्यावर हे. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, बावीस वर्षांत पहिल्यांदा. "पानावर खोडाखोड पुरे. ज्यांना काही म्हणायचंय त्यांनी चर्चेत म्हणावं." आणि दोघींना चर्चेचं बटण दाखवलं. पुन्हा बटणच. ताई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "आधी कुणी बोलायचं?" वहिनी त्यांच्या पडद्याला म्हणाल्या, "ज्यांची तक्रार आहे त्यांनी."

ताई लिहायला लागल्या. झरझर बोटं चालायची त्यांची, त्या दिवशी नाही. मजकूर आला, कंडक्टरनी सवयीने वाचायला घेतला. "'पानावर लिहिलं आहे, शेवटच्या दिवशी सर्व नातेवाइकांना कळवलं. हे वाक्य काढावं. मला कळवलं नाही. माझा भाऊ गेला ते मला…'" आणि थांबले. तुम्हाला सांगतो, त्या माणसाला मी पहिल्यांदा अर्ध्यात थांबताना पाहिलं. पुढचं आम्ही आपापलं वाचलं. 'संध्याकाळी जिन्यात शेजाऱ्यांकडून कळलं.'

वहिनींचं टाइपिंग दोन बोटांचं. मशीनवर हात विजेसारखा, इथे एकेक अक्षर शोधायचं. 'सकाळी अकराला दुकानात पडले. समोरच्यांनी उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं. तुमच्या हॉस्पिटलला मी फोन लावला. तीनदा. तिन्ही वेळा एंगेज. मग डॉक्टर बाहेर आले. मग मला काही सुचलं नाही.'

ताईंनी एकच शब्द लिहिला, 'नंबर?'

वहिनींनी नंबर लिहिला. न बघता, पाठ होता.

ताईंनी पडद्यावर बोट ठेवून एकेक आकडा वाचला. मग आलं, 'हा माझ्याच बोर्डाचा. बाहेरच्या दोनच लाइनी होत्या आमच्या. एक बिघडलेली होती. दुसरीवर वरच्या वॉर्डातल्या एका बाईंची मुलगी परदेशातून बोलत होती. खूप वेळ बोलत होती. मला म्हणाली, तोडू नका हो. मी तोडली नाही. त्या दिवशी अकराला बोर्डावर मीच होते.'

मी उगीच वायरी तपासत हिंडलो. हिंडता हिंडता वहिनींच्या मागे गेलो, तर त्यांच्या पडद्यावर खालच्या चौकोनात तीनच शब्द होते. 'तोडायला नकोच होती.' लिहून हात मांडीवर घेऊन बसलेल्या. आणि तिकडे दाराशी ताई आपल्या पडद्याकडे बघतायत, बघतायत, तिथे काहीच नाही. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना. नऊ वर्षांनी विचारलं आणि समोरून उत्तरच नाही, असं वाटलं असणार ना? आणि उत्तर तर लिहून झालेलं.

वहिनींनी 'जतन करा' दाबलंच नव्हतं.

मी वाकलो आणि बटण दाखवलं.

बस्स, एवढंच केलं मी. त्यांनी दाबलं. तिकडे ताईंनी वाचलं, चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला, परत वाचलं. मग उठल्या, आपली खुर्ची उचलली, ओढली नाही, उचलली, आणि खिडकीशी नेऊन ठेवली. वहिनी सरकल्या. मी म्हटलं, तास संपला, आणि तो संपायला पंचवीस मिनिटं होती.

सहाव्या मंगळवारी समिती आली. पान काय सुंदर झालं होतं, खुर्चीला खुर्ची लावून दोघींनी बसून केलेलं. फक्त एक, 'तो' की 'ते' हा प्रश्न काही सुटला नव्हता, म्हणून त्यांनी दोन्ही काढून टाकलं. प्रत्येक वाक्य 'रेडिओवाला' शब्दाने सुरू होणारं, पण क्रियापदात गाडी कधी 'उघडायचा' कधी 'उघडायचे'. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "हा एक माणूस आहे की दोन?" ताई आणि वहिनी एकदम म्हणाल्या, "एकच." अशा काही आवाजात म्हणाल्या की अध्यक्षांनी पुढचं विचारलंच नाही. वरची खोली राहिली. माझं टेबल राहिलं. मोठ्या बाईंनी दोघींना त्या पानाच्या राखणदार करून टाकलं, कुणाचा बदल ठेवायचा, कुणाला बंदी घालायची, सगळे अधिकार त्यांना.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला आपलं वाटलं, या सगळ्यात आपलाही एक टाका असावा. पानावर लिहिलं होतं 'रेडिओ दुरूस्ती', रु दीर्घ. मी पुस्तकातला माणूस, मला सहन होईना. मी ऱ्हस्व केला, जतन करा दाबलं. चार मिनिटांत परत दीर्घ. कारण दिलेलं, 'दुकानाच्या पाटीवर असंच होतं.' मी पुन्हा ऱ्हस्व केला आणि लिहिलं, शब्दकोश बघा. उत्तर आलं, खाली दोघींची नावं, 'शब्दकोश रेडिओ घेऊन कधी दुकानात आला होता का?' मी तिसऱ्यांदा केला. मला बंदी.

मला. शिकवणाऱ्याला. पान दिसतं, बदलता येत नाही.

मग काय, गेलो चर्चेत, शांतपणे. तर तिथे पाय ठेवायला जागा नाही. वरून खाली, खालून वर, 'कपडे काढ गं वाळत घातलेले, भरून आलंय,' 'काढले, तुमचेही काढले,' 'जिन्यातला दिवा गेलाय,' 'आता वर येतेच आहे.' त्यातच एका कोपऱ्यात मी नम्रपणे लिहिलं, माझ्या ऱ्हस्व उकाराचा विचार व्हावा, ही विनंती.

ताईंचं उत्तर लगेच आलं. 'आपण रांगेत आहात. कृपया प्रतीक्षा करा.'

तीन आठवडे झाले. रांगेत मी एकटाच आहे, तरी नंबर लागत नाही.