सव्वीस इंचांची वाट

...आणि वर मलाच विचारते, "आई, ही घरातली वाट आहे की उंदराचं बीळ?" अगं, बीळ तर बीळ! तीस वर्षं मी त्या बिळातून आडवी होऊन जाते-येते, हातात उकळता चहा घेऊन, आणि एक थेंब सांडला असेल तर नाव बदला माझं! पण नाही. लेकीनं टेप काढली. टेप तरी कुणाची? माझीच, माझ्याच शिवणाच्या डब्यातली! तुम्हाला सांगते, ज्या टेपनं मी अख्ख्या गल्लीच्या कंबरा मोजल्या, त्याच टेपनं पोटच्या पोरीनं माझं घर मोजलं, पलंगापासून दारापर्यंत, आणि कपाटापाशी येऊन थांबली. "सतरा इंच," म्हणाली. "आमचं स्ट्रेचर बावीसचं. धरणाऱ्यांची बोटं धरून सव्वीस लागतात."

लेक अँब्युलन्सवर कामाला असते हो माझी. दिवसभर लोकांना जिन्यांवरून उतरवते. त्यामुळे कुणाकडे पाहुणी म्हणून गेली तरी आधी दारं बघते, मग माणसं. यजमान म्हणतो या बसा, ही मनात म्हणते, याला पाय पुढे करून काढावं लागेल.

आणि निमित्त काय? तर मी पडले. पडले म्हणजे काय, बसले, जरा वेगानं. चिंध्यांच्या गाठोड्यात पाय अडकला, गुडघा सुजला, एवढंच. पण लेकीनं फर्मान काढलं: महिन्याभरात सव्वीस इंच, नाहीतर मुक्काम तिच्याकडे! तिच्याकडे म्हणजे... घर चांगलं आहे, नावं ठेवायला जागा नाही. जागाच नाही, कारण तिथं प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली! पांढऱ्या भिंती, पांढरा सोफा, सुई पडली तर लांबून दिसेल. पण सुईच नाही हो त्या घरात! जावईबापू गोड बोलतात, "आई, तुम्ही या ना, अगदी आरामात राहा, फक्त ते मशीन नको, खालच्या मजल्यावर हादरे जातात." मशीन नको! मग मी कशाला हवी? मला कुणी शिवण शिकवलं नाही. यांचा एकुलता एक चांगला शर्ट मी टाका टाका उसवला, कसा शिवलाय ते बघितलं आणि परत शिवला. तोवर आठ दिवस हे बिचारे भर उन्हात स्वेटर घालून ऑफिसला गेले! त्या मशीनवर लेक शिकली, घर उभं राहिलं. आणि आता हादरे जातात?

मी म्हटलं, करते सव्वीस. ही तर मीच कापून शिवलेली माणसं, मला काय शिकवतात! तर लेकीनं मंत्र दिला, "हे बघ, एकदम करू नकोस, दमशील. रोज एक वस्तू. फक्त एक!"

एकच ना? एकीला काय लागतं? पहिल्या दिवशी एक जुनी सूटकेस काढली. आत काही नाही, चेन तुटलेली. म्हटलं जिन्यात ठेवू, कुणी नेईल. ठेवली. दार लावलं. आणि दाराआड उभी राहिले... हात शिवशिवायला लागले. अहो, उद्या सगळी बिल्डिंग म्हणेल, शिवणवाल्या मावशींनी तुटक्या चेनची बॅग दिली! आत आणली. चेन बसवायची तर चेनचा डबा हवा, चेनचा डबा काजबटणांच्या डब्याखाली, काजबटणांचा डबा पलंगाखाली, आणि पलंगाखाली जायचं तर गुडघा! शेवटी सगळं उपसलं, खोलीभर पसरलं, त्यात गॅसवर दूध ठेवलेलं, ते उतू गेलं, तेवढ्यात नळाचं पाणी गेलं... पण चेन बसवली. चिठ्ठी लावली, "चांगल्या स्थितीत. खुशाल न्या." तासाभरात बॅग गेली! मला काय आनंद! रोज एक वस्तू, फक्त एक! जमलं की!

संध्याकाळी बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या शाळेच्या बाई. हातात दोन बॅगा. "मावशी, चेन काय फर्मास बसवलीत हो! मग म्हटलं, आमच्या या दोघी आजारी पडल्यात, त्यांनाही बघाल का? घाई नाही, बरं का, सवडीनं." सवडीनं! गेली एक, आल्या दोन.

दुसऱ्या दिवशी पडदा काढला. उसवलेली कड घातली, इस्त्री केली, ठेवला बाहेर. समोरच्या दारातले निवृत्त पोस्टमनकाका घेऊन गेले. दोन दिवसांनी तोच पडदा खांद्यावर टाकून हजर! "वहिनी, पडदा उत्तम, पण आमची खिडकी बुटकी. वीतभर कमी कराल?" म्हणजे बघा, माझाच पडदा माझ्याच घरात परत आला, आणि आता फेकूनही देता येत नाही, कारण आता तो पोस्टमनकाकांचा!

तुम्ही म्हणाल, म्हातारे, नाही म्हणायला काय झालं? लेकही तेच ओरडते फोनवर. अगं, नाही म्हटलं तर लोकांना वाटेल, म्हातारीला आता दिसत नाही. येत नाही. हात थरथरतात. थरथरतात, पण ते कुणाला दाखवायचे? सुई ओवायला तीनदा लागतं आता, पण दार लावून घेते ना मी.

त्यातच लिफ्ट बंद पडली. चार मजले! दळण, भाजी, औषधं, सगळं जिन्यातून, एका पायावर. लिफ्ट दुरुस्त करणारा आला, मशीनरूममध्ये चढला, आणि पाच मिनिटांत माझ्या दारात. अंगातली कामाची डांगरी मांडीपासून खालपर्यंत टर्रकन फाटलेली, पुढे फाइल धरून उभा. "आजी, कुणीतरी सांगितलं तुम्ही शिवता." आता लिफ्ट चालू व्हायची तर आधी डांगरी शिवायला हवी! दीड तास तो माझा टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघरात बसला. चहा प्यायला. जाताना म्हणाला, "कंपनीत अजून सहा डांगऱ्या आहेत हो, आजी." मी म्हटलं... काय म्हटलं असेल? घेऊन ये म्हटलं!

पंधराव्या दिवशी टेप लावली. पंधरा इंच! सतराची पंधरा! बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो हाच. आणि लेकीचा रोज सकाळी फोन, "आज काय काढलंस, आई?" मी खरं तेच सांगायची, एक टेबलक्लॉथ काढला. काय आलं ते ती विचारायची नाही, मी सांगायची नाही.

पण शेवटच्या आठवड्यात मी पेटले! सकाळी सहाला मशीनवर बसायचे ते उन्हं उतरेपर्यंत. बॅगा, पडदे, सहा डांगऱ्या, कुणाच्या सासऱ्यांचा कोट, सगळं शिवून ज्याचं त्याच्या दारात नेऊन टाकलं. बेल वाजली तर दार उघडलं नाही. चिंध्यांचं गाठोडंसुद्धा दिलं हो... गादीवाल्याला! आणि तिसाव्या दिवशी टेप लावली.

चोवीस.

दोन इंच कमी. का? तर कपाटासमोर खुर्ची. जेवणाच्या टेबलाची, एक पाय डुगडुगणारी. तेवढी उचलली की सव्वीसच काय, चाळीस भरतील. मला काय दिसत नव्हतं? महिनाभर दिसत होतं.

तीन वर्षांपूर्वी यांना छातीत दुखलं, तेव्हा स्ट्रेचर त्या कपाटापाशीच अडकलं होतं. पुढेही जाईना, मागेही येईना. आणि स्ट्रेचरच्या एका टोकाला कोण होतं? लेकच. शेवटी या खुर्चीत बसवून, चादरीनं बांधून उतरवलं यांना, चार मजले. आणि हे काय म्हणाले? घामानं भिजलेला माणूस, म्हणाला, "सावकाश रे, तिचा एक पाय डुगडुगतो." परत आली ती खुर्चीच. अख्ख्या जगाचं मी दुरुस्त केलं, तिचा पाय नाही केला. कसा करणार?

तर लेक आली. अंगात गणवेश, डोळे तांबारलेले, ड्यूटीवरून सरळ. घर बघितलं. टेप लावली. "चोवीस," म्हणाली. मग खुर्चीकडे बघितलं. मीही बघितलं. मी म्हटलं, "रोज एक वस्तू ना? आजची हीच काढते. काढू?"

ती पुढे आली. त्या खुर्चीवर बसली. खुर्ची डुगडुगली. मी म्हटलं, संपलं, आता बॅग भरायची. बॅगची चेन तरी चांगली आहे का, बघायला हवं.

तर ही उठली, दाराबाहेर गेली आणि काखेत एक लांबलचक कापडी गुंडाळी घेऊन आली, दोन्ही बाजूंना दांडे. "आई," म्हणते, "गाडीतलं घडीचं स्ट्रेचर आहे. शिवण उसवलीय सगळी. नवीन यायला चार महिने लागतील म्हणतात, आणि बाहेरचा कुणी शिवतो तो टाका टिकत नाही गं, पेशंट घसरतो. तुझ्यासारखा दुहेरी टाका कुणालाच..."

मी म्हटलं, थांब. महिनाभर ज्याच्यासाठी माझं घर उपसलंस, ते हे? आत आणलंस कसं?

"उभं करून," म्हणाली.

उभं करून! यांच्या वेळी कुणाला सुचलं नाही हो.

मग मी हळूच विचारलं, "आणि माझं काय? तुझ्याकडे कधी यायचं?"

"हे शिवल्याशिवाय कशी येशील? माझ्याकडे मशीन कुठे आहे?" तिनं डोळे पुसले, पाणी प्यायली आणि दारात वळून म्हणते, "आणि आई, अजून चार आहेत डेपोत. पण मी रोज एकच आणीन हं. फक्त एक!"

गेली. लिफ्टनं गेली, तीही माझ्याच कृपेनं. स्ट्रेचर ठेवलंय कपाटाला टेकून, खुर्चीशेजारी. आत्ताच टेप लावली मी.

सतरा इंच.