अण्णा बर्फात बसले तेव्हा

बर्फावर स्कीइंग शिकायचं तर आधी काय करायचं, हे आमच्या अण्णांना विचारा. अण्णा म्हणजे माझे सासरे, साताऱ्याचे निवृत्त मुख्याध्यापक. दुबईला आमच्याकडे आले आणि मॉलमधला बर्फ बघून त्यांनी शिकायचा हट्टच धरला.

शिकवणारा करीम इजिप्तचा. तो म्हणाला, "बाबा, नीज बेंड, लुक फ्रंट."

अण्णांनी गुडघे वाकवले, समोर पाहिलं आणि सुटले ते थेट खाली उभ्या असलेल्या लहान पोरांच्या दिशेनं. थांबायचं कसं, ते करीमनं अजून शिकवलंच नव्हतं. करीम मागून ओरडला, "बस, बस!"

अण्णा लगेच खाली बसले आणि घसरत घसरत पोरांच्या जरा अलीकडे थांबले.

करीम धापा टाकत आला. "व्हेरी गुड, बाबा. बट व्हाय यू सिट?"

अण्णा गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. "अगं, हाच बस म्हणाला आणि हाच विचारतोय, का बसलात?"

मी म्हटलं, "अण्णा, अरबीत बस म्हणजे पुरे, थांबा." मग करीमला आपल्या 'बस'चा अर्थ सांगितला. तो खूश झाला आणि बाकीच्या शिकाऊ मंडळींना म्हणाला, तोल गेला की असंच खाली बसायचं.

अण्णांचं समाधान काही झालं नाही. गाडीत बसल्यावर मग म्हणाले, "अरबी असो नाहीतर मराठी, माझ्या वयाकडे बघून त्यानं 'बसा' म्हणायला हवं होतं."