फुगलेला डबा

ज्या अन्नतपासणी कार्यालयाने ‘अन्नात विष नाही’ असा शिक्का मारला, त्याने विष धड शोधलंच नव्हतं. हे मी त्याच कार्यालयाच्या खिडकीसमोर, रांगेत उभं राहून ऐकलं. माझ्यापुढच्या बाईंचा नवरा डबाबंद मशरूम खाऊन बारा दिवस श्वासाच्या यंत्रावर होता.

“ताई, अहवाल स्वच्छ आहे. विषय संपला.”

“दादा, बंद डब्यात तयार होणाऱ्या त्या बोटुलिनम विषाचे कोणते प्रकार शोधलेत?”

“नेहमीचे. ए आणि बी.”

“रुग्णालयाला ह्यांच्या पोटात एफ सापडला. हा बघा कागद.”

“तो फार क्वचित सापडतो हो. आम्ही शोधत नाही.”

“म्हणजे घरात चोर शिरला, तर तुम्ही ओळखीचे तेवढे चोर शोधणार आणि घरी जाणार.”

“साहेब जेवायला गेलेत. अर्ज ठेवून जा.”

“अर्ज नाही, डबा आणलाय. त्याच खेपेतला, न उघडलेला. घ्या.”

“अहो, तो फुगलाय. इकडे नका सरकवू.”

“घाबरता कशाला? तुमच्या अहवालात तर स्वच्छ आहे.”

“ताई, मी साधा कारकून.”

“मग साहेबांना ताटावरून उठवा. असे डबे आत्ता दुकानात विकले जातायत. त्यांची विक्री आज थांबवताय की नाही, एवढंच सांगा. ऐकल्याशिवाय मी हलत नाही.”